फळ्यावरचा रिकामा खिळा

मिस्त्री गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. पत्र त्यांच्या बायकोने, अक्कांनी, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. चार ओळी मृत्यूच्या होत्या: ताप, तीन दिवस, शुद्ध होती, त्रास झाला नाही. खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती. "भिंतीवरच्या फळ्यावर एका पान्याची खूण आहे, पण पाना नाही. मुलगा चार दिवस घर पालथं घालतोय. तुमच्याकडे असेल तर असू द्या, फक्त कळवा."

मला मिस्त्रींचं सुतक नाही. ते तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातले, मी पूजापाठ आणि कारकुनी करणाऱ्या घरातला. तरी गेले दहा दिवस मी दाढी केलेली नाही. बायकोने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोस्टकार्डाला उत्तर लिहायला बसलो, तर ते पोस्टकार्डात मावेना. म्हणून वही घेतली. रोज शाळेतून आल्यावर पानभर लिहितो.

सोलापूरच्या बाहेर, होटगीच्या बाजूला, त्या काळी विमानं उतरायचं एक मैदान होतं. मैदान म्हणजे मुरमाचा एक लांब पट्टा, कडेने चुन्याने रंगवलेले दगड, एका खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी आणि पत्र्याची एक शेड. पाऊस ओसरला की उन्हाळ्यापर्यंत आठवड्यातून एकदा टपालाचं विमान मुंबईकडून येई, इथे पेट्रोल घेई आणि हैदराबादकडे जाई. मुक्कामाला माणसं तीन. मिस्त्री, मी कारकून आणि राखणीला मोहोळकडचे एक मामा. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. वडील त्याच वर्षी वारले होते, घरात आई आणि मी. नोकरी मिळाली ती मला इंग्रजी वाचता येत होतं म्हणून. मला व्हायचं होतं शिक्षक. हे मी पहिल्याच दिवशी बोलून गेलो आणि तेव्हापासून मिस्त्री मला मास्तर म्हणू लागले.

मिस्त्री पूर्वी गिरणीत फिटर होते. मुंबईला एक वर्ष विमानाचं काम शिकून आले होते. विमानाच्या पंखांना कापड असतं हे त्यांनी आपल्या पेठेत सांगितलं तेव्हा लोक हसले होते. त्यांच्या आईने विचारलं होतं, "मग ते वर जाऊन वाळत का नाही पडत?" पण त्या कापडावरून ते तळहात फिरवत, ते पाहण्यासारखं असे. डोळे मिटून, लुगड्याचा पोत बघावा तसा. कुठे टाका सैल असला की हात थांबे.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. एक, फळा. शेडच्या भिंतीवर लाकडाचा मोठा फळा, त्यावर प्रत्येक हत्याराचा खिळा, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या हत्याराची पांढऱ्या रंगाने काढलेली आकृती. पाना, पक्कड, पेचकस, कानस, जे उचललं त्याची पांढरी आकृती उघडी पडे. फळा पुरा भरल्याशिवाय विमानाचा पंखा फिरवायचा नाही. कारण हत्यार फळ्यावर नसेल तर ते विमानात असू शकतं, आणि विमानात सुटा पडलेला वीतभर पाना शेपटीकडे जाणाऱ्या तारांमध्ये अडकला तर वर गेलेल्या माणसाला विमान वळवता येत नाही.

दुसरी रीत, वाचन. काम झालं की मी यादी मोठ्याने वाचायची. मी म्हणायचं, "तेलाची नळी." मिस्त्री त्या नळीवर हात ठेवायचे आणि मग म्हणायचे, "हाय." हात आधी, शब्द नंतर. मी पहिल्या आठवड्यात भराभर वाचत गेलो तर ते थांबले.

"मास्तर, सत्यनारायणाची पोथी वाचताय काय? प्रसाद थंड व्हायलाय?"

"नाही, वेळ होतोय म्हणून."

"वेळ होऊ दे की. आन् तुमी पुस्तकात बघून वाचताय. माझ्या हाताकडं बघून वाचा. माझं तोंड खोटं बोलंल, पाठ झालंय त्याला. हात न्हाई बोलायचा."

यादीची शेवटची ओळ असे, "फळा भरला?" ते फळ्याकडे जाऊन, खालून वर बघून म्हणत, "भरला." मग ते सही करत, आणि त्यांच्या सहीशेजारी मी.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. "शंका आली की हात वर करायचा. कारण नंतर सांगायचं. कारण न्हाई सापडलं तरी चालतंय." मी मान हलवली होती. चांगल्या घरातली मुलं मोठ्यांच्या बोलण्यावर मान हलवतात तशी.

खंडेनवमीला आमचं विमान कधी नसे. माझ्या पहिल्या वर्षीही नव्हतं, ते आदल्या दिवशी यायचं होतं. पण घाटावर ढग बसले म्हणून मुंबईहून निघालंच नाही. आम्हाला वाटलं आता दसरा झाल्यावर येईल. मिस्त्रींनी सकाळीच सगळी हत्यारं रॉकेलने धुतली, पुसली, शेडच्या कोपऱ्यात पाटावर स्वच्छ पंचा पसरून त्यावर ओळीने मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एरवी ते फारसे देवधर्मातले नव्हते. पण वर्षातला हा एक दिवस हत्यारांचा. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, दसऱ्याला पूजा उतरवूनच उचलायचं, हे त्यांच्या वडिलांच्या हातमागापासून चालत आलेलं होतं. फळा त्या दिवशी पूर्ण रिकामा. नुसत्या पांढऱ्या आकृत्या.

दुपारी बाराच्या सुमाराला आवाज आला.

वैमानिक मुंबईचा होता, मराठी तोडकंमोडकं बोले, स्वभावाने हसरा. त्या दिवशी हसरा नव्हता. एक दिवस आधीच वाया गेला होता, आणि इंजिनाच्या तेलाच्या नळीच्या सांध्यातून तेल गळत होतं. चष्म्यावर, कोटावर, सगळीकडे तेलाचे शिंतोडे. "मिस्त्री, एक तासात कर बाबा. सूरज बुडायच्या आत हैदराबाद पायजे."

मिस्त्रींनी सांधा बघितला. काम तासाभराचंच होतं. मग त्यांनी पाटाकडे बघितलं, आणि मामांना हाक मारली.

"मामा, सायकल काढा. स्टेशनजवळच्या उस्तादाकडनं हत्यारं घेऊन या. त्याची आज पूजा नसती."

उस्ताद म्हणजे मोटारी दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ, मिस्त्रींचे गिरणीच्या दिवसांपासूनचे स्नेही. मामा तासाभरात परत आले ते कापडी गुंडाळी पाठीला बांधून. उस्तादांनी निरोप दिला होता, तो मामांनी नक्कल करून सांगितला: "तुम्हारे औजारां देव हो को बैठे, हमारे काम करतें. लेके जाव, पन मेरी पक्कड वापस देव."

मिस्त्री हसले. सगळ्यांना बरं वाटलं. गुंडाळी उलगडली, काम सुरू झालं. ती उलगडताना आत किती हत्यारं आहेत हे कुणी मोजलं नाही. मीही नाही.

काम झालं. मी वाचायला लागलो. तेलाची नळी. हाय. सांध्याची तार. हाय. सगळं हात लावून झालं आणि शेवटची ओळ आली. "फळा भरला?"

आम्ही सगळ्यांनीच फळ्याकडे बघितलं. त्यावर एकही वस्तू नव्हती. वैमानिक मोठ्याने हसला. मिस्त्री म्हणाले, "आज फळ्याला बी सुट्टी," आणि त्यांनी सही केली. त्यांच्या शेजारी मी केली.

मामांनी चाकाखालचे ठोकळे काढले आणि विमान मैदानाच्या टोकाकडे हळूहळू निघालं. मामांनी ठोकळे शेडमध्ये टाकले आणि नेहमीप्रमाणे तारेचा कागद घेऊन सायकलवर शहराकडे गेले. विमान सुटलं अशी तार हैदराबादला जायची असे, आणि तारघर लांब, म्हणून विमान हललं की मामा निघत. मिस्त्री हौदावर हात धुवायला गेले. मी उस्तादांची गुंडाळी आवरायला बसलो.

त्या गुंडाळीला आतून खिसे शिवलेले होते, प्रत्येक हत्याराला एक. मी एकेक पुसून खिशात घातलं. शेवटी एक खिसा उरला. मधला, लांबट, पान्याच्या आकाराचा, तेलाने काळा पडलेला.

तो आधीपासून रिकामा असेल. उस्तादांचा पाना कधीचा हरवलेला असेल. त्यांनी काढून ठेवला असेल. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि त्यातलं कुठलंही खरं असू शकलं असतं. मैदानाच्या टोकाला विमान वळलं. मला माझी सही दिसत होती, शाई अजून पुरती वाळलेली नव्हती. मला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. टपालाचं विमान, आधीच एक दिवस उशिरा, एका कारकुनाने रिकाम्या खिशापायी थांबवलं, हे मुंबईला कसं वाचलं जाईल हेही दिसत होतं. आणि त्या हसऱ्या माणसाच्या शेपटीकडच्या तारा दिसत होत्या.

मी लाल निशाण घेतलं आणि पळालो. पळताना धोतर अडखळून एकदा पडलो, हे मला नंतर गुडघ्यावरून कळलं. मैदानाच्या मधोमध उभा राहून हात वर केला.

इंजिन बंद झालं. ती शांतता मला अजून आठवते. वैमानिक उतरून चालत आला.

"काय रे मास्तर? आग लागला काय?"

"पाना."

"कसला पाना?"

"एक खिसा रिकामा आहे. उस्तादांच्या गुंडाळीतला."

"त्याच्यात पाना होता?"

"माहीत नाही."

"माहीत नाही! मग कशाला थांबवला?"

"माहीत नाही म्हणून," मी म्हणालो. हे मी हुशारीने म्हटलं नव्हतं. 

तोवर मिस्त्री ओल्या हातांनी पोहोचले होते. मी वाट बघत होतो की ते आता काय म्हणतात. त्यांनी खिसा बघितला, त्यात बोट घालून वास घेतला. "तेल ताजं हाय," एवढंच म्हणाले. मग वैमानिकाला म्हणाले, "सायेब, उघडावं लागंल."

सगळं उघडलं. इंजिनावरचं पत्र्याचं झाकण, बैठकीखालच्या फळ्या, शेपटीकडची कापडी झडप. टपालाच्या थैल्या खाली काढल्या. मिस्त्री आत डोकं घालून तारांवरून हात फिरवत गेले, मी दिवा धरला. शेड शोधली, मुरूम पायाने चाळला. सूर्य उतरायला लागला. पूजेकडे कुणाची नजर गेली नाही. तिथलं आज काही हलवायचं नव्हतं, म्हणून तिथे बघायचं हेही सुचलं नाही.

पाना नव्हता. वैमानिक पेट्रोलच्या डब्यावर बसून घड्याळ बघत होता. शेवटी त्याने घड्याळ खिशात टाकलं. "आता नाय जमणार. अंधार होईल रस्त्यात. मास्तर, तुज्या खिशाने माझा दिवस खाल्ला."

 तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. मामा शहरातून परत येत होते. विमान जागेवर बघून ते सायकलवरून उतरलेच.

"आँ? उडालं न्हाय व्हय अजून? म्या तर तार धाडून आलो की!"

"मामा," मिस्त्री म्हणाले, "एक पाना बघितलात का कुटं?"

"कंचा? लांबडा व्हय? चाकापाशी पडला हुता. म्या म्हनलं, आपल्या पूजेतला कुनी पाडला की काय! पाप लागंल म्हनून पुसून पाटावर ठिवला. हळदकुकू बी लावलं की."

आम्ही चौघेही शेडमध्ये गेलो. पाटावर, आमच्या हत्यारांच्या ओळीत, उस्तादांचा पाना हळदकुंकू लावून, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन बसला होता.

वैमानिकाने आधी काही शिव्या हासडल्या, मग तो हसायला लागला आणि डाक बंगल्याकडे निघून गेला. मामा पुन्हा सायकलवर बसले, दुसरी तार करायला, कारण हैदराबादला लोक आकाशाकडे बघत बसले असणार. मी दाराशी बसलो. गुडघ्याचं रक्त धोतराला चिकटलं होतं. पाना विमानात नव्हताच. मी थांबवलं नसतं तर विमान आत्ता सुखरूप उतरलं असतं.

मिस्त्री माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी ओला फडका माझ्या हातात दिला.

"मास्तर, चांगलं केलात."

"पाना विमानात नव्हता."

"न्हवता. ते आत्ता कळालं. तुमी हात वर केला तवा कुणाला ठाव होतं?"

 त्यांच्या थोरल्या भावाची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली, आणि पुन्हा कधीही नाही. गिरणीतल्या एका यंत्राचा चामडी पट्टा उसवत चालला होता. दोन दिवस आधी एका कामगाराने तो बघितला होता. पण त्याने पूर्वी एकदा असंच यंत्र थांबवलं होतं, काही निघालं नव्हतं, आणि मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर घुबड म्हटलं होतं. या वेळी तो गप्प राहिला. पट्टा तुटला तेव्हा भावाचा हात तिथे होता.

"त्या माणसाचा राग न्हाई मला," मिस्त्री म्हणाले. "त्याला आदल्या बारीला कुणी चांगलं केलास म्हनलं असतं, तर माझ्या भावाचा हात ऱ्हायला असता."

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मिस्त्रींनी पूजा उतरवली, हत्यारं फळ्यावर टांगली, आणि सगळं वाचन पहिल्यापासून पुन्हा झालं. शेवटची ओळ मी वाचली. "फळा भरला?" "भरला." मग उस्तादांची गुंडाळी मी खिसा खिसा मोजून दाखवली. मामांनी वैमानिकाला आपट्याचं पान दिलं. "सायेब, सोनं घ्या." त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. विमानात चढून बसल्यावर तो वळून माझ्याकडे बघत राहिला. 

"मास्तर, पाना?"

"आहे," मी म्हणालो.

त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा हे विचारल्याशिवाय उडाला नाही. थट्टाच होती. पण विचारून तो थांबायचा, आणि माझं उत्तर ऐकू आल्यावरच हात हलवायचा.

पंधरा दिवसांनी मुंबईच्या कचेरीचं पत्र आलं. विमान सुटल्याची खोटी तार, एका रात्रीचा विलंब, जबाबदार कोण, खुलासा करावा. पत्र इंग्रजीत, म्हणून मीच वाचलं आणि मीच मराठीत सांगितलं. खुलाशाचा मसुदाही मी लिहून ठेवला होता: चूक सर्वस्वी माझी. मिस्त्रींनी तो वाचून घेतला.

"चूक लिवा, पण कुठली ती नीट लिवा. थांबवलं ही चूक न्हाई. दुसऱ्याची हत्यारं न मोजता घेतली, ती चूक. ती मी केली. फळा रिकामा असताना सही केली, ती बी मी. मामांनी वस्तू उचलली आन् सांगितलं न्हाई, कारण आमी त्यांना कधी सांगितलंच न्हवतं की हितली पडलेली वस्तू आधी दाखवायची. ती बी माझीच धरा. आन् तार विमान वर गेल्यावर धाडायची, हललं म्हणून न्हाई."

"आणि मी?"

"तुमचं लिवा की. कारकुनाला शंका आली, त्यानं थांबवलं. शंका फिटली. बस."

मी तसंच लिहिलं. ते खाली सही करताना म्हणाले, "इंग्रजीत 'बस'ला काय म्हणतात?" मी म्हटलं, ते लिहायची गरज नाही. त्या खुलाशाला उत्तर आलं नाही. मी मात्र दोन महिने टपालाच्या प्रत्येक थैलीतून माझं बडतर्फीचं पत्र निघेल म्हणून वाट बघत होतो. ते आलं नाही, आणि हळूहळू मी वाट बघायचं विसरलो. आज हिशेब लावतो तेव्हा वाटतं, त्या एका कागदावर मिस्त्रींनी स्वतःचं पोट टांगलं होतं. मला तेव्हा ते नीटसं कळलंही नव्हतं. मी आभार मानले नाहीत.

उस्तादांची हत्यारं परत करण्याआधी मिस्त्रींनी एक काम केलं होतं. तो पाना फळ्यावर एका कोपऱ्यात धरला, भोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढली, वर एक खिळा ठोकला. मग पाना उस्तादांना देऊन आले. उस्ताद म्हणाले म्हणे, "आज से गिनके देतूँ, गिनके लेतूँ." खिळा रिकामाच राहिला. फळा भरला का म्हणून विचारलं की मिस्त्री खालून वर बघत जात, त्या रिकाम्या आकृतीपाशी थांबत, आणि मग म्हणत, "भरला." पुढच्या खंडेनवमीपासून आमच्याकडे हत्यारं पाटावर उतरली नाहीत. फळ्यावर, आपापल्या खिळ्यावर, जागच्या जागीच त्यांना हळदकुंकू लागलं. त्या वर्षी मी हळदकुंकवाचं ताट धरलं होतं. मिस्त्रींनी रिकाम्या खिळ्यालाही बोट टेकवलं.

विमानाचा रस्ता पुढे बदलला, मैदान बंद झालं. मिस्त्री फळा बैलगाडीत घालून घरी घेऊन गेले. मी खरोखरच मास्तर झालो, दुसऱ्या गावी. तिथेच इतकी वर्षं नोकरी करतोय. वर्गात कुणी हात वर करून, "मास्तर, मला नक्की माहीत नाही, पण," असं म्हटलं, की मी खडू खाली ठेवतो. हे मी कुठे शिकलो ते कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनाही नाही. वर्षातून एक पत्र लिहायचो, त्यात पाऊसपाणी आणि प्रकृती.

आज वही बाजूला ठेवून पोस्टकार्ड घेतलं आणि त्यात मावेल एवढंच लिहिलं.

"अक्कांस नमस्कार. मुलाला शोधणं थांबवायला सांगा. त्याच्या हातून किंवा मिस्त्रींच्या हातून काहीही हरवलेलं नाही. तो पाना आपला कधी नव्हताच. तो एकदा उसना आणला होता आणि परत केला. खूण मिस्त्रींनी स्वतः काढून ठेवली आहे. खिळा तसाच रिकामा राहू द्या, त्यावर दुसरं काही टांगू नका. मुलाने शंका आली म्हणून शोधलं, हे फार चांगलं केलं. त्याला माझं नाव घेऊन तसं सांगा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी येतो. फळा मी वाचीन, हात त्याने लावायचा."